कात्रणवही: तिसरा महिना, पान 41

युद्धाच्या बातम्यांची कात्रणवही सुरू करून परवा तीन महिने झाले. 41 पानं भरली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: कल्पना इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फची. 1930च्या दशकात तिनं वर्तमानपत्रांतली कात्रणं तीन वह्यांत चिकटवली आणि त्यांतून 1938 साली प्रसिद्ध झालेलं ‘थ्री गिनीज’ हे युद्धविरोधी पुस्तक लिहिलं. त्यात ती सांगते, राजकारणातली एखादी गोष्ट समजून घ्यायची तर किमान तीन वर्तमानपत्रं वाचा, ताडून बघा, मग मत बनवा. म्हणून मी ठाणे स्टेशनबाहेरून रोज तीन घेते, दोन मराठी आणि एक इंग्रजी.

याचं मोल पान 33 वर कळलं. युक्रेनमधल्या एकाच हल्ल्याच्या तीन बातम्या. बॉम्ब कुणी टाकला, ते एकात मथळ्यातच, दुसऱ्यात चौथ्या परिच्छेदात. तिसऱ्यात नुसतंच ‘इमारत कोसळली’. जणू पावसानं कोसळली! तिन्ही शेजारी चिकटवली नसती तर माझ्या हे लक्षातही आलं नसतं.

चिकटवण्याबद्दल: तयार गोंदानं जूनमधली सहा पानं सुरकुतली, मागची अक्षरं पुढे उमटली. आता मैद्याची खळ करते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. किडीसाठी चिमूटभर मोरचूद. भांडं अर्थात वेगळं. खळ फक्त वरच्या कडेला लावायची आणि रात्रभर वर दिवाळी अंकांचा गठ्ठा. नौपाड्यातल्या दमट हवेतही पानं सपाट राहिली.

पान 38 मात्र आठवडाभर कोरं होतं. उद्ध्वस्त घराचा फोटो होता, चिकटवायला हात होईना. वुल्फकडे स्पेनमधून, तिथल्या यादवी युद्धाचे, असे फोटो आठवड्याला दोनदा येत. तिचा भाचा ज्युलियन तिथंच, 1937च्या जुलैत, रुग्णवाहिका चालवताना गेला. पुस्तकात तिनं छापले ते सेनापती, न्यायाधीश, आर्चबिशप यांचे झगमगीत पोशाखातले फोटो. स्पेनचे फोटो छापले नाहीत, शब्दांत सांगितले: चिरफाळलेलं घर, बैठकीच्या खोलीत अजून लटकणारा पक्ष्याचा पिंजरा. तो पिंजरा मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त दिसतो.

मग मीही फोटो पाकिटात ठेवला आणि पानावर लिहिलं: ‘स्वयंपाकघराची एकच भिंत उभी आहे. तिच्यावरची मांडणी जागेवर आहे. डब्यांची झाकणं घट्ट लावलेली आहेत.’