आमची वाटचाल: मांडव, ट्रेलर आणि एक डिझेल ट्रक

नवऱ्याच्या नोकरीमुळे 2006 साली आम्ही पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला आलो. गाव लहान, पण डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे दुकानात भाजी घेताना मराठी कानावर पडतं. एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला मांडव कुठे मिळेना, तेव्हा नवऱ्याने गॅरेजमध्ये चार लाकडी खांब तासले आणि मी झेंडूच्या कापडी माळा ओवल्या. तो मांडव पुढच्या वर्षभरात पाच घरी गेला. 2014 मध्ये आम्ही रीतसर नोंदणी करून मांडव आणि सजावट भाड्याने द्यायला लागलो.

सामान वाढत गेलं. स्टेजच्या फळ्या, लोखंडी पाईप, पितळी समया, गालिचे. ते ओढायला एक जुना पेट्रोल पिकअप घेतला, मागे साधा ट्रेलर. जवळपासच्या कामांना तो पुरला.

ऑक्टोबर 2017 मध्ये अटलांटाचं मोठं काम मिळालं. नॅशव्हिलवरून चॅटनूगाकडे जाताना आय-24 महामार्गावर माँटीगलचा घाट लागतो. चढताना गाडी दमली, पण खरी परीक्षा उतारावर झाली. खालचा गियर टाकूनही मागचं वजन आम्हाला रेटत होतं. ब्रेकचा करपट वास गाडीत शिरला आणि पेडल पायाखाली मऊ पडत गेलं. खाली पोहोचून गाडी कडेला घेतली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मुहूर्त सकाळचा होता. मांडव वेळेत उभा राहिला, पण त्या रात्रीच आम्ही ठरवलं की या गाडीने आता घाट उतरायचा नाही.

मग चार महिने ट्रक बघण्यात गेले. माझे बाबा कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये मशीन शॉपला होते आणि नवराही त्याच कंपनीत, म्हणजे दोन्ही घरांत एकच नाव. कमिन्सचं इंजिन रॅमच्या ट्रकमध्ये येतं, म्हणून मी मुद्दाम फोर्ड आणि शेवरोले हे बाकीचे दोन ट्रक आधी चालवले. 2018 च्या मॉडेलांत फोर्डच्या 6.7 लिटर पॉवरस्ट्रोक इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 935 पाउंड-फूट, रॅममधल्या 6.7 लिटर कमिन्सचा वरच्या प्रकारात 930, आणि शेवरोलेच्या 6.6 लिटर ड्युरामॅक्सचा 910. विक्रेते या वीस-पंचवीसच्या फरकावर अर्धा-अर्धा तास बोलायचे. ट्रेलर जोडल्यावर मला त्यात काहीच फरक जाणवला नाही. ताकदीत फोर्ड 450 अश्वशक्ती आणि ड्युरामॅक्स 445, कमिन्स मात्र 385, आणि हा फरक चढावर खरंच कळतो. पण मला चढाची घाई नव्हती, उताराचा धाक होता. एक्झॉस्ट ब्रेक लावला की धूर बाहेर पडायची वाट आवळली जाते आणि इंजिनच गाडी मागे धरून ठेवतं. ही सोय तिघांतही होती. आम्ही ती भरलेल्या ट्रेलरनिशी उतारावर लावून पाहिली, आणि विक्रेत्याने तयारी दाखवली नाही तर तिथून उठलो.

फोर्ड आणि ड्युरामॅक्स हे व्ही-आठ, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या दोन रांगांत आठ सिलिंडर, कमिन्स एका रांगेत सहा सिलिंडरचं. आमच्या मेकॅनिकने दोन्ही बॉनेट उघडून दाखवलं: व्ही-आठमध्ये हात घालायला जागा नाही, मोठ्या कामाला फोर्डची कॅबिनच उचलून काढतात. सरळ सहाच्या दोन्ही बाजूंना मात्र हात पोहोचतो. लहान धंद्यात गाडी चार दिवस गॅरेजला बसली तर एक लग्न जातं, त्यामुळे माझ्यासाठी ही गोष्ट अश्वशक्तीपेक्षा मोठी होती. पुढे वजन जास्त येतं हा कमिन्सचा दोष आहे, रिकामा ट्रक खड्ड्यांवर आपटतो.

एक चूक मात्र होता होता राहिली. कमिन्सवालाच ट्रक ठरला, आणि आम्ही रॅमचं 2500 हे मॉडेल घेणार होतो. ओढायची क्षमता भरपूर होती, किंमतही बरी. पण चालकाच्या दारातलं पेलोडचं, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर किती वजन पेलायचं त्याचं, स्टिकर वाचलं तर जेमतेम दोन हजार पाउंड. डिझेल इंजिनच इतकं जड की ते गाडीच्या वाट्याचं वजन खातं. गूसनेक, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरचा वीस-पंचवीस टक्के भार थेट ट्रकच्या मागच्या आसावर येतो, म्हणजे आमच्या बारा हजार पाउंडांच्या ट्रेलरचे चोवीसशे ते तीन हजार, वर आम्ही दोघं आणि हत्यारं. म्हणून जास्त भार पेलणारा 3500 घेतला. ट्रक आणि ट्रेलर मिळून ठरलेलं कमाल वजन 26,001 पाउंडांच्या आत राहील असाच ट्रेलर निवडला. त्यापुढे गेलं आणि ट्रेलर दहा हजारांहून जड असला, की व्यावसायिक परवाना, सीडीएल, लागतो. डिझेलसाठी नऊ-दहा हजार डॉलर जास्त मोजले. वर्षाला चार-पाच हजार मैल फिरणाऱ्याने ते मोजू नयेत, त्याला पेट्रोलच बरं.

डिझेलची सवय व्हायला वेळ लागला. जानेवारी 2019 च्या अखेरीस पारा उणे वीसच्या खाली गेला. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, उणे अकरालाच गोठतं. त्याची टाकी गाडी स्वतः तापवते, पण इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची आपणच आठवण ठेवायची.

त्याच उन्हाळ्यात बाबा आले. मी ट्रक चालू केला. बॉनेटवर तळवा टेकवून ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “सहाही नीट बोलतायत.” गावाच्या दक्षिणेला वेल्सबोरोला हे इंजिन जुळतं, तो कारखाना मी त्यांना बाहेरून दाखवला.

माँटीगल आता आम्ही दर हंगामात उतरतो, ब्रेकला पाय फारसा न लावता. दुसरा ट्रक घ्यायची वेळ आली आहे. या वेळी नवऱ्याचं मन ड्युरामॅक्सकडे आहे, त्याला त्यातला दहा गियरचा ॲलिसन गियरबॉक्स आवडला आहे. शनिवारी दोघं बघायला जाणार आहोत. आधी दार उघडून स्टिकर वाचायचं, मग किल्ली मागायची.