रेडिंग ते फोर्ट विल्यम : जुनी गाडी, ५०० मैल आणि एक तुटलेली स्प्रिंग

गेल्या जून महिन्यात मी, पत्नी आणि साताऱ्याहून आलेले तिचे आई-वडील असे आम्ही चौघे जण इंग्लंडमधील रेडिंगहून स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमपर्यंत स्वतःच्या गाडीने जाऊन आलो. एका बाजूचे अंतर सुमारे ५०० मैल आहे. आमची गाडी '६२' क्रमांकाची आहे. ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरील मधल्या दोन आकड्यांवरून गाडीचे वय कळते आणि ६२ म्हणजे सप्टेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात नोंदलेली गाडी. पेट्रोलवर चालणारी, एक लाख मैल ओलांडलेली आणि तोपर्यंत कधीही वाटेत न थांबलेली ही गाडी या प्रवासात थांबली. ग्लेनकोच्या डोंगरांची आणि लॉख लोमंड सरोवराच्या पाण्याची वर्णने अनेकांनी केलेली असल्यामुळे ती येथे करत नाही. जुन्या गाडीने त्या बाजूला निघणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढेच लिहितो.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते. मोटारीसाठी या तपासणीचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. आपल्यापैकी बहुतेक जण 'पास' हा शब्द वाचून कागद घडी घालून ठेवतात आणि मीही तेच केले होते. त्या कागदावर उत्तीर्ण झालेल्या गाडीबद्दलही सूचना लिहिलेल्या असतात. आज दोष गंभीर नाही, मात्र त्यावर लक्ष ठेवावे, असा त्यांचा अर्थ असतो. माझ्या कागदावर लिहिले होते की पुढच्या डाव्या चाकावरील कॉइल स्प्रिंगला (धक्के झेलणाऱ्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगला) गंज चढला आहे. आदल्या वर्षीच्या कागदावरही तेच वाक्य होते. कोणत्याही गाडीचा एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर केवळ नंबर टाकून विनामूल्य पाहता येतो. जुनी गाडी विकत घेताना लोक तो पाहतात. लांबच्या प्रवासाआधी स्वतःच्याच गाडीचा पाहावा, हे सहसा सुचत नाही.

टायरच्या बाबतीत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीच्या नक्षीची आहे आणि ती टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, संपूर्ण परिघावर असावी लागते. त्याहून झिजलेल्या प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट (नियमभंगाचे दंडगुण) अशी शिक्षा होऊ शकते. स्कॉटलंडच्या पावसात मात्र ही मर्यादा म्हणजे सुरक्षितता असे समजू नये. आमचे मागचे दोन टायर मर्यादेच्या थोडे वर होते, तरी निघण्याआधी ते बदलले. एवढे शहाणपण होते, पण स्प्रिंगचे वाक्य काही केल्या आठवले नाही.

सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत तीस वर्षे चालक होते. त्यांनी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी डिकी उघडून पहिला प्रश्न विचारला, "स्टेपनी कुठे आहे?" स्टेपनी नव्हती. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांप्रमाणे आमच्या गाडीतही जादा चाकाऐवजी टायरमध्ये भरायच्या द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप होता. गंमत अशी की स्टेपनी हा शब्द वेल्समधून आपल्याकडे आला. लानेथली गावातील स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये या जादा चाकाचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. आपल्याकडे तो प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी राहिला आणि ब्रिटनमधील माझ्या शेजाऱ्यांना मात्र तो ठाऊकच नाही. बाटलीतील द्रवाने खिळ्याचे बारीक भोक बुजते. खड्ड्याने टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग शून्य. अण्णांच्या आग्रहाखातर मी एक बारीक जादा चाक, जॅक आणि पाना आणला. असल्या बारीक चाकावर ताशी ५० मैलांहून अधिक वेगाने जायचे नसते, त्यामुळे ते गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच समजावे.

अण्णांची गाडी चालवण्याची इच्छा होती आणि परवान्याची अडचणही नव्हती, कारण पाहुणा म्हणून आलेल्या व्यक्तीला भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत येथे मोटार चालवता येते. (कायमच्या वास्तव्यासाठी आलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे की ही मुदत संपल्यावर भारतीय परवाना बदलून मिळत नाही, येथील परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते.) खरी अडचण विम्याची होती. येथे विमा गाडीबरोबरच ती चालवणाऱ्या माणसाचाही पाहिला जातो आणि पॉलिसीत नाव नसलेल्याने गाडी चालवली तर ३०० पौंडांचा दंड व ६ पॉइंट असा प्रसंग ओढवू शकतो. काही दिवसांपुरते नाव घालण्याचा खर्च ऐकून अण्णांनीच तो विचार सोडला आणि पुढच्या डाव्या आसनावर बसून ते माझ्या प्रत्येक गिअरवर लक्ष ठेवू लागले.

रेडिंगहून ए३४, एम४० आणि एम४२ करत आम्ही एम६ या महामार्गाला लागलो. बर्मिंगहॅमची गर्दी टाळायची असेल तर २७ मैलांचा टोलचा पर्यायी रस्ता आहे. शनिवारी सकाळी लवकर निघाल्यामुळे आम्हाला त्याची गरज भासली नाही. त्यापुढे क्रू शहराच्या आसपास एम६ चा जो भाग आहे, तेथे कडेची थांबण्याची पट्टीही वाहतुकीसाठी वापरली जाते. गाडी बिघडली तर ठरावीक अंतरावरील नारिंगी रंगाच्या थांब्यापर्यंत ती कशीबशी नेणे हाच उत्तम मार्ग. पट्टीच्या वरच्या फलकावर लाल फुली दिसली तर ती पट्टी रिकामी वाटली तरी सोडावी, कारण पुढे कोणीतरी बंद पडलेले असते. शिवाय फुलीखालून जाणाऱ्याला १०० पौंड आणि ३ पॉइंट असा दंड कॅमेऱ्यावरून होतो. महामार्गावर गाडी बंद पडली तर सर्वांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि धोक्याचा त्रिकोण मुळीच लावू नये. इतर रस्त्यांवर तो गाडीमागे किमान ४५ मीटरवर लावतात; महामार्गावर तो लावायला जाणेच जिवावर बेतू शकते.

याच टप्प्यावर विन्सफर्ड गाव जवळ आहे. तेथील खाणीतून निघणारे खडकमीठ हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून टाकले जाते. त्या मिठामुळे रस्ते मोकळे राहतात आणि गाड्यांचे खालचे लोखंड कुजते. माझ्या स्प्रिंगचा गंज तेथूनच आला असावा. हे अर्थात नंतर सुचले. त्या वेळी आम्ही शंकरपाळी खात होतो.

महामार्गावरील सेवास्थळांवर गाडी उभी करायला साधारणपणे पहिले दोन तास पैसे लागत नाहीत. त्याहून जास्त थांबल्यास नंबर टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे घरी दंडाचे पत्र येते, तेव्हा वृद्ध मंडळी बरोबर असतील तर घड्याळाकडे लक्ष असावे. तेथे पेट्रोल बरेच महाग असते आणि महामार्ग सोडून एखाद्या सुपरमार्केटच्या पंपावर गेल्यास फरक जाणवतो. हिशेबाची एक गोम अशी की येथे पेट्रोल लिटरने विकतात आणि गाडीची सरासरी मात्र गॅलनमागे मैलांत सांगतात. एक गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. आमची गाडी गॅलनमागे ४५ मैल जाते, म्हणजे ५०० मैलांना साधारण ५० लिटर. जेवणासाठी आम्ही कंब्रियातील टीबे येथे थांबलो. १९७२ पासून चालू असलेले हे सेवास्थळ शेतमालाच्या दुकानासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथला चहा अण्णांच्या पसंतीस उतरला, ही गोष्ट सहसा घडत नाही.

ग्लासगो शहराच्या मध्यभागी २०२३ च्या जूनपासून जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या गाड्यांना प्रवेशच नाही. पैसे भरून आत जाण्याची सोय लंडनमध्ये आहे, ग्लासगोमध्ये नाही. एम८ महामार्ग त्या क्षेत्राबाहेर असल्यामुळे केवळ पुढे जाणाऱ्यांना अडचण येत नाही. साधारणपणे २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या आणि २०१५ च्या सप्टेंबरनंतरच्या डिझेल गाड्या या नियमांत बसतात; तरीही नंबर टाकून आधी खात्री करून घ्यावी. आम्ही एर्स्किन पूल ओलांडून ए८२ या रस्त्याला लागलो.

लॉख लोमंडच्या काठाने टार्बेटच्या पुढे हा रस्ता इतका अरुंद होतो की समोरून बस आली की दोघांनाही श्वास रोखावा लागतो. एका बाजूला खडक आणि दुसरीकडे पाणी, अशा जागी ताशी ६० मैलांची मर्यादा कागदोपत्रीच असते. तो भाग नीट पार पडला. टिंड्रम मागे पडले आणि ब्रिज ऑफ ऑर्कीच्या अलीकडे पावसाचे पाणी साचलेल्या एका खड्ड्यात डावे चाक आपटले. लगेच काही झाले नाही. पुढे मैलभर गेल्यावर वळणावर 'टण्' असा आवाज आला आणि स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढू लागले. मी रस्त्यालाच दोष देत होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जावईबापू, गाडी बाजूला घ्या. पाटा गेलाय." एसटीचे पाटे आणि या गाडीची गोल स्प्रिंग यांत फरक असला तरी कान अचूक होता. लॉख टुलाच्या वर जो पाहणीचा थांबा आहे, तेथे गाडी उभी करून खाली वाकून पाहिले. स्प्रिंगचे खालचे वेटोळे तुटून तिचे टोक टायरपासून जेमतेम दोन बोटांवर आले होते. अशा स्थितीत गाडी हळूहळू पुढे नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. ते टोक चालत्या टायरला चिरून टाकू शकते.

बंद पडलेल्या गाडीसाठी वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या मदतसेवेला फोन लागला, पण त्या भागात मोबाइलची रेंज येते आणि जाते, म्हणून पहिल्याच फोनवर रस्त्याचा क्रमांक, मागचे गाव, प्रवाशांची संख्या आणि बिघाडाचे नेमके स्वरूप सांगून टाकावे. स्प्रिंग तुटली आहे असे आधीच सांगितल्यामुळे दुरुस्तीच्या व्हॅनऐवजी थेट गाडी उचलून नेणारा ट्रक आला. तो यायला पावणेतीन तास लागले. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, ही चांगली बाजू. मिज नावाच्या, चिलटांहून बारीक आणि डासांहून चिवट किड्यांचे थवे असतात, ही वाईट. अंगाला लावायचे मलम, पाणी, खाणे आणि प्रत्येकासाठी एक गरम कपडा डिकीत नव्हे तर हाताशी ठेवावा.

सर्वांत महाग धडा मदतसेवेच्या योजनेचा मिळाला. मी सर्वांत स्वस्त योजना घेतली होती आणि तिच्यात गाडी केवळ १० मैलांपर्यंत ओढून नेण्याची सोय होती. फोर्ट विल्यम तेथून जवळजवळ ४० मैल. वरच्या मैलांचे पैसे ट्रकमध्ये बसण्याआधी कार्डावर भरावे लागले आणि ती रक्कम वर्षभराच्या चांगल्या योजनेहून अधिक होती. स्कॉटलंडला जाणाऱ्याने देशात कोठेही गाडी पोहोचवणारी आणि राहण्याचा किंवा पर्यायी वाहनाचा खर्च देणारी योजना आहे का, ते कलमे वाचून पाहावे. ही योजना मोटारीच्या नावे आहे की व्यक्तीच्या, हेही पाहावे. व्यक्तीच्या नावे असेल तर दुसऱ्याच्या गाडीतही ती चालते.

रविवारी गॅरेज बंद. सोमवारी मेकॅनिकने दोन्ही बाजूंच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायला सांगितल्या. हा पैसे उकळण्याचा प्रकार नव्हे. एक नवी आणि एक बारा वर्षांची ठेवली तर गाडी एका अंगाला झुकते, आणि दुसरीही त्याच मिठातून गेलेली असते. दोन्हींचे मजुरीसह २६० पौंड झाले आणि सुटे भाग ग्लासगोहून यायचे असल्यामुळे गाडी मंगळवारी दुपारी मिळाली. हेच काम रेडिंगमध्ये मे महिन्यात करून घेतले असते तर सुट्टीचे तीन दिवस वाचले असते. खड्ड्याबद्दल भरपाई मागता येते. त्यासाठी खड्ड्याची जागा आणि छायाचित्र लागते आणि रस्त्याची वाजवी देखभाल झाली होती का, यावर निर्णय ठरतो. मी अर्ज केला नाही. दोन वर्षे लिहून दिलेला गंज माझ्याच गाडीत होता.

उरलेल्या दिवसांतील एक सकाळ ग्लेन एटिव्ह या दरीला दिली. तेथील रस्ता एकेरी आहे आणि समोरासमोर आलेल्या गाड्यांसाठी मधूनमधून रुंद जागा ठेवलेल्या आहेत. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला शिरू द्यायचे. छायाचित्रे काढण्यासाठी तेथे गाडी लावून जाणाऱ्यांवर स्थानिक लोक चिडतात आणि ते योग्यच आहे. मागे गाडी लागली असेल तर तिलाही पुढे जाऊ द्यावे. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी हा नियम येथेही असल्याचे पाहून अण्णांना आंबेनळी घाटाची आठवण झाली. दिव्याच्या उघडझापीने मात्र ते गोंधळले. आपल्याकडे समोरच्याने दिवा मारला की 'मी येतोय, थांब' असा अर्थ, आणि येथे बहुतेक वेळा 'तुम्ही या, मी थांबलो आहे' असा. नियमपुस्तिकेला हा दुसरा अर्थ मान्य नाही, म्हणून समोरची गाडी खरोखर थांबली आहे हे पाहूनच निघावे.

परतीला आम्ही ए८६ वरून ए९ ला लागलो. डनब्लेन ते इन्व्हर्नेस या टप्प्यात दोन कॅमेऱ्यांमधील सरासरी वेग मोजला जातो, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबण्याचा उपयोग नाही.

सप्टेंबरमध्ये गाडी पुन्हा एमओटी उत्तीर्ण झाली. सूचनांच्या रकान्यात मागच्या उजव्या स्प्रिंगला गंज असल्याचे लिहिले आहे आणि येत्या शनिवारी सकाळी नऊची गॅरेजची वेळ घेतली आहे.