डी१ अधिक डी२: पेटंटमधली जोडाजोडीची हरकत

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात परीक्षक तुमच्या आधीचे दस्तऐवज डी१, डी२ असे क्रमांक देऊन समोर ठेवतो. त्यातली ओळखीची हरकत: डी१ मध्ये पेरणी यंत्र आहे, डी२ मध्ये सेन्सर आहे, दोन्ही जोडले की तुमचा दावा तयार. म्हणजे उघडच, जाणकाराला सहज सुचणारं, म्हणून पेटंट नाही. जालना-परभणीकडच्या अवजार कारखानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, 'डी१ मध्ये सेन्सर नाही, डी२ मध्ये पेरणी नाही.' हे उत्तर फुकट जातं. हरकत जोडणीवर आहे, तिला एकेका दस्तऐवजावर बोलून उत्तर मिळत नाही.

समजा, बियाण्याच्या नळीत ऑप्टिकल सेन्सर बसवला. सोयाबीनचं बी थांबलं की बझर वाजतो. एवढ्यावर पेटंट मागू नये. यंत्र नेहमीसारखं पेरतं, सेन्सर नेहमीसारखा मोजतो. अशा स्वतंत्र चालणाऱ्या भागांची नुसती मांडणी पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) मध्ये अडकते.

आता काळ्या रानात चला. ओल असली की फणाच्या तोंडाशी चिखल बसून नळी तुंबते. सेन्सर वर असेल तर नळी भरेपर्यंत तुंबल्याचं कळत नाही. खाली आणला तर भिंगावर माती बसते. न्युमॅटिक प्लांटरच्या (हवेच्या जोरावर बी उचलणाऱ्या पेरणी यंत्राच्या) ब्लोअरची बाहेर पडणारी हवाच भिंगावर सोडली, तर भाग एकमेकांवर अवलंबून काम करू लागतात. इथे वाद घालण्यासारखं काही आहे. पण डी२ मध्येच हवेच्या झोताने भिंग साफ होत असेल, तर तो झोत ब्लोअरचा आहे म्हणून फार फरक पडत नाही. उलट डी२ 'धुळीत हा सेन्सर वापरू नये' म्हणत असेल, तर ते वाक्य उत्तरात सर्वांत वर घ्या, कारण डी२ स्वतःच जोडणीपासून दूर नेतो.

१९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद निकालात, लेथवर भांडी धरण्याच्या साधनाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवलं: ज्ञात गोष्टींची जोडणी कारखान्यातल्या साध्या सुधारणेपेक्षा जास्त हवी. अमेरिकेत २००७ च्या केएसआर खटल्यात पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणं उघड ठरलं. जोडा असं दस्तऐवजात लिहिलेलंच हवं, हा हट्ट तिथे मोडला. तरी का जोडावं, याचं कारण द्यावंच लागतं. म्हणून परीक्षकाला विचारा: भिंगावरच्या मातीची अडचण समोर असलेला जाणकार, तुमचा अर्ज न वाचता, ही हवा इकडे का वळवेल?

उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने, मागितल्यास आणखी ३. पण चिखल, भिंग, हवा हे अर्जासोबतच्या मूळ तपशीलपत्रात नसेल तर मुदत असून उपयोग नाही. कलम ५९ मुळे नवा मजकूर नंतर दाव्यात घुसवता येत नाही.