सारंगीवाल्याची नखं

आज फोर्टातलं काम लवकर आटपलं म्हणून काळा घोड्याला जहांगीरमध्ये शिरले. १९५२ पासूनची ही गॅलरी, आत जायला तिकीट नाही, तरी माझं वर्ष-वर्ष जाणं होत नाही.

एका मोठ्या कॅनव्हासपाशी पाय थांबले. मैफल रंगवलेली. गायिका, तबलजी, मागे तानपुरा, कडेला सारंगी. चेहरे कुणालाच नाहीत, नुसते जाड फटकारे. तबलजीला तर चार-पाच हात, एकावर एक. शेजारचे काका म्हणाले, "हे काय, चुकलंय का?" मला नाही वाटत. द्रुत तीनतालात हात असेच दिसतात.

तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या काढलेल्याच नाहीत. एक धुरकट निळा पट्टा, कॅनव्हासभर पसरलेला. जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, नीट लागली की तानपुरा असाच खोलीभर होतो, कुठून येतोय ते कळतच नाही.

पण खरी खिळले ती सारंगीपाशी. सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी टेकवून सरकवतात. चित्रकाराने नेमके तिथेच शेंदरी टिपके ठेवलेत. जवळून पाहिलं तर रंग सुरीने खरवडलेला, खाली कापड दिसत होतं. माझ्या आजोबांच्या नखांच्या मुळाशी असेच घट्टे होते. लहानपणी रस्ता ओलांडताना ते माझ्या तळव्याला लागायचे. किती वर्षांनी आठवलं हे!

बाहेर पायऱ्यांवर बसून आईला फोन केला. म्हटलं, माळ्यावरची सारंगी खाली काढून ठेव. म्हणाली, ती वाजवायचा गज सापडतोय का बघते.