बंद डेस्कटॉप: आधी जांभळी तार, मग हिरवी

लक्षण: बटण दाबलं की काहीच होत नाही, पंखासुद्धा हलत नाही. रात्रभर प्लगला लावून ठेवलं तर मात्र कधीकधी पहिल्याच दाबाला मशीन सुरू होतं आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतं. मदरबोर्डवरचा स्टँडबायचा (मशीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या विजेचा) दिवा लागलेला असतो, पण निरखून पाहिलं तर किंचित लुकलुकतो. दिवा लागलाय म्हणजे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ठीक, असं धरून चाललं की शोध तिथेच भरकटतो. त्या एलईडीला दोन-तीन व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर पुरतात. बोर्डाला जागं व्हायला त्याहून बरंच जास्त लागतं.

साध्या शक्यता आधी निकालात काढल्या. पॉवर कॉर्ड बदलली, एसएमपीएसच्या मागचा स्विच तपासला. बटणावरचा संशय फिटावा म्हणून त्याची वायर काढून ती बोर्डावर जिथे लागते त्या फ्रंट पॅनल हेडरच्या ६ आणि ८ नंबरच्या पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या, फरक नाही. ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढलं. यूएसबीकडे दुर्लक्ष करू नका: बऱ्याच बोर्डांवर त्या पोर्टांना स्टँडबायचेच ५ व्होल्ट मिळतात आणि पोर्टातली वाकलेली पट्टी ती लाइन शॉर्ट करू शकते.

मोजमाप

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब केबिनेटच्या उघड्या धातूला. लाल प्रोब २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून, तारेच्या कडेने आत सरकवायचा. कनेक्टर बोर्डात लावलेलाच ठेवायचा. हल्ली सगळ्या तारा काळ्या येतात, तेव्हा रंगाऐवजी जागा ओळखा. क्लिपच्या बाजूच्या रांगेत एक खाच रिकामी असते, ती २० नंबरची. तिच्या बरोबर समोर ८ नंबरची राखाडी, म्हणजे पॉवर-गुड (व्होल्टेज ठीक असल्याचा बोर्डाला इशारा). राखाडीला लागून दोन्हीकडे तारा असतात. ज्या बाजूला रांगेच्या टोकापर्यंत चारच जागा उरतात, त्या बाजूची पहिली तार जांभळी, ५ व्होल्ट स्टँडबाय. हिरवी, म्हणजे एसएमपीएसला सुरू व्हायला सांगणारी तार, क्लिपच्याच रांगेत, रिकाम्या खाचेपासून उलट दिशेने चौथी, दोन काळ्यांच्या मध्ये.

या मशीनचे आकडे: २४ पिनांचा कनेक्टर काढलेला असताना जांभळीवर ५.०६ व्होल्ट. बोर्डात लावल्यावर ४.३१, तेही स्थिर नाही. बटण दाबताना मीटरच्या ‘मिन’ मोडवर (सर्वांत कमी आकडा धरून ठेवणाऱ्या) ३.६. चालणारी मर्यादा ४.७५ ते ५.२५ आहे. ‘मिन’ मोड इथे हवाच; साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि घसरण त्याच्या मधेच होऊन जाते.

हिरवी तार एसएमपीएस स्वतःच वर खेचून ठेवतो. बटण दाबल्यावर बोर्डाने ती ०.८ व्होल्टच्या खाली ओढून तिथेच धरायला हवी. इथे ती खाली आलीच नाही. एरवी याचा अर्थ बोर्ड किंवा बटण असा झाला असता. पण जांभळीच पडलेली असताना हिरवीवरून बोर्डाला दोष देता येत नाही, कारण हिरवी खाली ओढणारं सर्किट जांभळीवरच चालतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

जांभळी नीट, हिरवीही खाली येते, तरी पिवळीवर, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर, १२ व्होल्ट नाहीत, असं असेल तर एसएमपीएस मेलाय किंवा शॉर्ट दिसल्यामुळे स्वतःला बंद करून घेतोय. तेव्हा सीपीयूचा ८ पिनांचा कनेक्टर काढून पाहा. त्यावर पंखा फिरला, तर वीज पूर्ण तोडून बोर्डावरच्या त्या सॉकेटात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला तर एखादा मॉसफेट (सीपीयूची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. सीपीयूशेजारच्या कॉइलपाशी मात्र एक-दोन ओहम दिसले तरी घाबरू नका, सीपीयू बसवलेला असताना ते स्वाभाविक आहे. दर चाचणीआधी प्लग काढून थोडं थांबा, नाहीतर आधीचं प्रोटेक्शन तसंच अडकून राहतं.

दोष कुणाचा

जांभळी बोर्ड लावल्यावर पडते, म्हणजे एसएमपीएस अशक्त असेल किंवा बोर्ड जास्त खेचत असेल. निकाल लावायला बोर्ड बाजूला ठेवून जांभळी आणि काळी यांच्यात ५.१ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला. त्यातून साधारण १ अँपिअर जातो, ५ वॅट उष्णता निघते. हातात धरू नका. लेबलवर स्टँडबायला २.५ अँपिअर लिहिलेत, आणि १ अँपिअरवरच आकडा ४.४ वर आला. दोष एसएमपीएसचा.

हिरवी-काळी तारेने जोडून पंखा फिरतो का पाहायची चाचणी या एसएमपीएसने सहज पार केली: पंखा फिरला, पिवळीवर १२.११. त्या चाचणीत जांभळीवर भारच नसतो, त्यामुळे नेमका हाच दोष तिला दिसत नाही. उलट, कमी भारावर पंखा थांबवणारा चांगला एसएमपीएस त्यात नापास वाटतो. पंखा पाहू नका, व्होल्ट मोजा.

कारण बहुधा स्टँडबाय सर्किटच्या आउटपुटचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. प्लग लावलेला असतो तोवर ते अखंड राबतात, तेही गरम ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. आतला द्रव सुकतो, ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स) वाढतो. ते गरम झाले की ईएसआर काहीसा उतरतो, म्हणून रात्रभर प्लगला राहिलेलं मशीन सकाळी उठतं.

बदल

नवा एसएमपीएस बसवला. जुना मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) होता, पण त्याची एकही केबल ठेवली नाही. मॉड्युलर केबलच्या एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नसते. कनेक्टर बिनबोभाट बसतो आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाइनवर १२ व्होल्ट जाऊ शकतात.

आता बोर्डासह जांभळी ५.०२, बटण दाबताना ४.९७. हिरवी ०.१ वर येऊन टिकते. पिवळी निवांत असताना १२.०७, पूर्ण भारावर ११.९४. काही तास प्लग काढून ठेवल्यावरही पहिल्या दाबाला सुरू. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल २.५८ व्होल्टवर होता, तोही बदलला. मशीन न उठण्याशी त्याचा संबंध नव्हता, बायोसमधली तारीख मात्र त्यामुळेच पुसली जात होती.

बाकी काम

जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर बदलायचे आहेत. पीएफसी (मुख्य लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये मुख्य कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. तो रेझिस्टरने डिस्चार्ज करून, मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. एसएमपीएस दुरुस्तीची सवय नसेल तर झाकण उघडूच नये. नवे कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर. उंची आणि व्यासही आधी मोजायचा, तिथे जागा फार कमी असते. पास होण्याची अट: थंड असताना, त्याच ५.१ ओहमवर, जांभळी ४.७५ च्या वर.