युरोव्हिजनच्या निवडफेरीला गाणं पाठवताना : हक्कांच्या पानावर गेलेले तीन आठवडे

युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेला, आपण थेट गाणं पाठवू शकत नाही. प्रवेशिका देशाची असते आणि ती तिथलं सार्वजनिक प्रसारण मंडळ देतं. आपला अर्ज जातो तो मंडळाच्या निवडफेरीला. मी युरोपात राहते. गीत मुंबईतल्या मैत्रिणीचं, चाल माझी, संगीत-संयोजन तिसऱ्याचं. १९९९पासून भाषेचं बंधन नाही, म्हणून ध्रुवपद मराठीतच ठेवलं. गाणं अपलोड करायला दहा मिनिटं लागली. हक्कांच्या एका पानाला तीन आठवडे लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तिथे नेमकं काय हवं, हे सूचनांत कुठेच धड लिहिलेलं नव्हतं.

त्या पानावर प्रत्येक गीतकार-संगीतकाराचं नाव, हिस्सा, आयपीआय क्रमांक आणि सही लागते. आयपीआय म्हणजे जगभरच्या हक्कसंस्था ज्यावरून माणूस ओळखतात तो क्रमांक. मैत्रिणीकडे तो नव्हता. तो हवा तर भारतात आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी हक्कसंस्था) सभासदत्व घ्या आणि ते मंजूर होईपर्यंत थांबा. गाणं पुरं व्हायची वाट न बघता हा अर्ज आधीच करून ठेवा.

क्रमांक आला तरी अर्ज अडलाच. आयपीआय ११ आकडी असतो, पण कागदावर पुष्कळदा ९च आकडे छापतात, पुढची दोन शून्यं गळतात. ९ आकडे भरले की पान फक्त ‘माहिती अपूर्ण’ म्हणतं. पुढे दोन शून्यं लावा, लगेच घेतं. यात आमचे चार दिवस गेले.

मग नाव. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात पुष्कळदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं, संस्थेच्या नोंदीत ते असेलच असं नाही. आयपीआय नावाला जोडलेला असतो, टोपणनावाला वेगळा क्रमांक मिळतो. म्हणून संस्थेच्या नोंदीत जे नाव आहे तेच, अक्षर न् अक्षर तसंच भरा. हे आम्हाला तिसऱ्या ई-मेलनंतर सांगण्यात आलं! पहिल्यालाच सांगता आलं असतं.

हिस्स्यांची बेरीज बरोबर १०० हवी. तिघांना ३३.३३ दिले तर ९९.९९ होतात आणि पान पुढे सरकत नाही; एकाला ३३.३४ द्या. कोणाला, ते आधीच ठरवून लिहून ठेवा.

विकतचे लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे) वापरले असतील तर परवाना वाचा. जो इतरांनाही विकला जातो, तो ‘फक्त आमचा’ असं लिहून देता येत नाही. आम्ही ढोलकीचा लूप काढून खरी ढोलकी रेकॉर्ड केली, आणि गाणं सुधारलं.

लांबी तीन मिनिटांच्या आतच हवी, शेवटची गुंज धरून. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे सगळे मिळून ९० बार. आम्ही २:५७ वर थांबलो. मुख्य आवाज रंगमंचावर प्रत्यक्षच गावा लागतो, म्हणून तो वगळलेला ट्रॅकही आत्ताच काढून ठेवा. साथीचे आवाज २०२१पासून रेकॉर्ड केलेले चालतात. रंगमंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, हे संयोजन करतानाच लक्षात असू द्या.

राहिलंच : स्पर्धेच्या आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरआधी गाणं प्रसिद्ध झालेलं चालत नाही. एखादा तुकडा कुठे टाकला असेल तर लपवू नका, मंडळाला लिहून कळवा आणि लेखी उत्तर मागून घ्या.