दोन्ही एलेरॉन वर केले तर?

"काका, दोन्ही एलेरॉन थोडे वर सेट केले की विमान जास्त पळतं म्हणे. खरं का?"

वागळे इस्टेटमधल्या माझ्या शेडमध्ये येणारी निम्मी मुलं हेच विचारतात. एलेरॉन म्हणजे पंखांच्या टोकांकडे मागच्या कडेला बसवलेल्या हलत्या पट्ट्या; एक वर, एक खाली गेली की विमान कलतं. कुणी कॉलेजच्या स्पर्धेसाठी मॉडेल बनवत असतं, कुणी परदेशातल्या होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या, विमानांचे व्हिडिओ बघून आलेलं असतं. तिकडे स्वतः किट जोडायला घेतलेले आपले काही ठाणेकरही फोन करतात. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये बीकेसीत लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून विचारणारे वाढलेच. माझा जन्म विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेला, त्यामुळे सगळे माझ्याकडे येतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

पळतं. पण अगदी थोडं, आणि तेही पंखाचा मूळ छेद, म्हणजे पंख कापल्यावर दिसणारा आकार, त्या वेगाला जरा जास्तच वळणदार असेल तर.

आधी पंखाच्या कोनाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. पंख फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, ज्या कोनात बसवतात तो इन्सिडन्स. मुलांना वाटतं की तो अर्ध्या अंशाने कमी केला की पंख हवेला कमी अडेल. तसं होत नाही. विमानाचं वजन आणि वेग ठरला की पंखाला किती लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, द्यायची ते ठरलं, आणि तेवढ्या लिफ्टसाठी लागणारा हवेशी कोन पंख घेणारच. तुम्ही इन्सिडन्स बदललात तर बदलतो तो फ्यूजलाजचा कोन. नाक अर्धा अंश वर जातं किंवा खाली येतं, एवढंच.

एक हिशोब करून बघा. 800 किलोचं विमान, पंखाचं क्षेत्रफळ 11 चौरस मीटर, 8,000 फुटांवर 150 नॉट वेग (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). लिफ्ट कोएफिशियंट, म्हणजे पंखाला त्या वेगाला किती काम करावं लागतं ते सांगणारा आकडा, येतो साधारण 0.25. आता शेजारची सीट रिकामी, टाकी अर्धी, वजन 650 किलो. तो झाला 0.20. या दोन्हींत पंखाच्या कोनाचा फरक अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच पडतो. म्हणजे ज्या अर्ध्या अंशावरून तुम्ही रात्र रात्र वाद घालता, तो बायकोला बरोबर नेलं की नाही यावर खर्ची पडतो. इन्सिडन्स नेहमीच्या वजनाला, नेहमीच्या वेगाला फ्यूजलाज हवेत सरळ राहील असा ठेवायचा आणि विषय संपवायचा. अनेक धातूच्या किट्समध्ये तो नंतर हलवायची सोयही नसते. मागच्या स्पारचं, म्हणजे पंखातल्या मागच्या तुळईचं, भोक एकदा पाडलं की पाडलं. भोकापासून कडेपर्यंत पुरेसा पत्रा उरला पाहिजे, तिथे तडजोड नाही.

एलेरॉनचं गणित वेगळं आहे, कारण तिथे खरोखर पंखाचा आकार बदलतो. मागची कड वर गेली की पंखाचं वळण कमी होतं. वळणदार छेद सगळ्यात कमी ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, देतो तो जरा जास्त लिफ्टवर. क्रूझला, म्हणजे एका वेगाने सरळ उडताना, तेवढी लिफ्ट लागतच नाही. कड किंचित वर केली की तो कमी ड्रॅगचा पट्टा खालच्या लिफ्टकडे सरकतो. शिवाय नाक खाली दाबण्याची पंखाची ओढ कमी होते, मग शेपटीला खाली रेटायचं काम कमी, आणि त्या कामाचा ड्रॅगही कमी. माउल विमानांत क्रूझसाठी फ्लॅप (एलेरॉनच्या आतल्या बाजूच्या हलत्या पट्ट्या) उणे 7 अंशांवर, म्हणजे वर, नेतात. स्पर्धेच्या ग्लायडरवाल्यांचे फ्लॅप वेगात वरच असतात. बोइंग 787 सुद्धा क्रूझमध्ये मागची कड एका अंशाहूनही कमी कोनाने हलवत असतं.

पण या सगळ्यांत फ्लॅपही हलतो, हे मुलं विसरतात. फक्त एलेरॉन वर केले तर पंखाचं टोक हलकं होतं आणि लिफ्टचा भार आतल्या बाजूला सरकतो. त्याने इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्ट देताना होणारा ड्रॅग, वाढतो. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं. फ्लॅप आणि एलेरॉन एका रेषेत ठेवून दोन्ही मिळून अंश-दीड अंश वर घेतले तर काही हाती लागतं.

किती लागतं? समजा एकूण ड्रॅग 3 टक्के कमी झाला. इंजिनाची ताकद तीच असेल तर वेग साधारण 1 टक्का वाढतो, कारण ताकद वेगाच्या घनाने लागते. 150 चे 151.5 नॉट. हा दीड नॉट मोजायला सकाळची शांत हवा, तीच उंची, तेच वजन आणि वेगवेगळ्या दिशांना जीपीएसच्या फेऱ्या लागतात. दुपारी उडून आलेल्याने "पाच नॉट वाढले" सांगितलं तर मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. चाकांची कव्हरं, लँडिंग गिअरच्या पायांवरचं फेअरिंग (हवेला वाट देणारं आवरण), काउलमधून, म्हणजे इंजिनाच्या झाकणातून, हवा कशी बाहेर पडते, यात याहून कितीतरी जास्त वेग सांडलेला असतो.

आणि जमिनीवर जे दिसतं ते हवेत तसंच असेल असं नाही. उडताना पंखाच्या वरचा कमी दाब दोन्ही एलेरॉन वर ओढतो. केबल असेल तर ती ताणते आणि दोन्ही थोडे वर तरंगतात. म्हणून काही विमानांच्या मॅन्युअलमध्ये एलेरॉन जमिनीवर किंचित खाली सेट करायला सांगतात. पुशरॉड, म्हणजे केबलऐवजी ताठ दांडा, असेल तर हा प्रकार कमी. तेव्हा आधी टोकाला लोकरीचा धागा चिकटवा, कॅमेरा लावा, आणि उडताना एलेरॉन आहेत कुठे ते बघा.

त्याहीआधी डावं-उजवं तपासा. माझ्याकडे येणाऱ्या मॉडेलमध्ये तर हमखास एक पंख दुसऱ्यापेक्षा जरासा पिळलेला असतो. मग पायलट सगळा वेळ एक एलेरॉन वर, एक खाली धरून उडतो. फोर्क वाकलेली सायकल हँडल तिरकं धरून चालवावी तसं. तो ड्रॅग आधी काढा. रिबच्या, म्हणजे पंखातल्या फासळीच्या, आकाराचं प्लायवूडचं टेम्प्लेट कापा, ते पंखावर ठेवून वर डिजिटल लेव्हल ठेवा, आत-बाहेर, डावी-उजवी, सगळे आकडे लिहा.

प्रत्यक्ष बदल करताना हात सावकाश चालवा. एलेरॉनची रुंदी 25 सेंटीमीटर असेल तर 1 अंश म्हणजे मागच्या कडेला जेमतेम साडेचार मिलिमीटर. एलेरॉनच्या रॉडचा जॅम नट (रॉड एंड घट्ट धरणारा नट) सैल करायचा, रॉड एंड (रॉडच्या टोकाचा आट्यांचा जोड) अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा माप. रॉडला तपासणीचं बारीक भोक असेल तर त्यात तार घालून बघायची. तार आरपार गेली तर आत पुरेसे आटे उरलेले नाहीत, तो रॉड तसा उडवायचा नाही. स्टिक (पायलटच्या हातातली दांडी) दोन्हीकडे पूर्ण नेऊन स्टॉपला नीट टेकते का, कुठे घासते का, हे बघायचं. बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारा सांधा) मधल्या जागेवरून सरकली की वर जाणारा आणि खाली जाणारा एलेरॉन यांच्यातला फरकही बदलतो. वळताना नाक उलटीकडे जास्त जायला लागलं तर कारण हे असतं.

मग पहिल्या उड्डाणात वेग मोजायला धावू नका. कड वर गेली म्हणजे पंखाची कमाल लिफ्ट घटली, स्टॉल (पंखाची लिफ्ट अचानक तुटणं) थोडा आधी, म्हणजे जरा जास्त वेगालाच, येणार. भरपूर उंचीवर जाऊन नवा स्टॉलचा वेग आधी लिहून घ्या. फायनलला, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, किती वेगाने यायचं ते त्या आकड्यावरून ठरतं, आणि तो जुन्या लॉगबुकात सापडणार नाही.